भाव शून्य, की भाव आलाच नाही? जावा वेब ॲपमध्ये डेटा लोड होताना येणारी एक्सेप्शन्स

सकाळी साडेसातला चोपड्याहून एका शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, आज केयीना भाव शून्य शे का?" (केळीचा भाव शून्य आहे का?) मी चहाचा कप खाली ठेवला आणि मोबाइलवर आमचं केळीच्या भावांचं पान उघडलं. खरंच. नवती, कांदेबाग आणि पिलबाग हे केळीबागांचे प्रकार. नवतीसमोर भाव होता, कांदेबागेसमोर होता, आणि पिलबागेसमोर ठसठशीत ०. क्विंटलला शून्य रुपये.

झालं होतं इतकंच, की आदल्या संध्याकाळी पिलबागेचा भाव भरायचा राहून गेला होता. डेटाबेसमध्ये तो रकाना रिकामा, म्हणजे नल होता. आमच्या कोडने तो वाचला आणि शून्य समजून छापला. एक्सेप्शन (काम अडल्यावर जावा देते ती चुकीची वर्दी) आलं नाही, लॉगमध्ये (ॲपच्या नोंदवहीत) एक ओळ नाही. एक्सेप्शन आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांतून नुकतीच बाहेर पडलेली मुलं एक्सेप्शनला घाबरतात. लाल अक्षरं दिसली की ट्राय-कॅच (एक्सेप्शन पकडणारा कोड) घालून ती गप्प करतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरण हेच घेतो: स्प्रिंग बूट (जावात वेब ॲप बनवायची तयार चौकट), मायएसक्यूएल (डेटाबेस), आणि रावेर, यावल, चोपडा असे तालुकावार केळीचे भाव दाखवणारं एक साधं पान. रोज संध्याकाळी ऑपरेटर एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी) फाइल काढून चढवतो, सकाळी लोक भाव बघतात. क्लास आणि मेथडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. आयडीईत (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पहिली चार अक्षरं टाइप केलीत की बाकीचं तो सुचवेल.

पायरी १: स्टॅक ट्रेस खालून वर वाचा

स्टॅक ट्रेस म्हणजे एक्सेप्शन कोडमधून कुठून कुठून आलं ते सांगणाऱ्या ओळी. नवीन माणूस त्यातली पहिली ओळ वाचतो आणि तीच गूगलवर टाकतो. पहिली ओळ म्हणजे तक्रार घेऊन आलेला शेवटचा माणूस. मूळ भांडण खाली असतं. "कॉज्ड बाय" असं लिहिलेल्या ओळी शोधा आणि सगळ्यात खालच्या "कॉज्ड बाय"पासून सुरुवात करा.

आमच्याकडे एकदा आलेला ट्रेस असा होता. सगळ्यात वर कॅननॉट-क्रिएट-ट्रान्झॅक्शन-एक्सेप्शन. त्याखाली हायबरनेटचं (डेटाबेसमधल्या ओळींचे जावा ऑब्जेक्ट करणारी लायब्ररी) जेडीबीसी-कनेक्शन-एक्सेप्शन. त्याखाली हिकारीचा, म्हणजे डेटाबेसची कनेक्शन्स सांभाळणाऱ्या लायब्ररीचा, निरोप: "हिकारीपूल-१, कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट". आणि तळाशी जावाचं स्वतःचं कनेक्ट-एक्सेप्शन, "कनेक्शन रिफ्यूज्ड". वरच्या ओळीवरून वाटतं की ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळी मिळून होतात किंवा एकही होत नाही अशा डेटाबेसच्या कामांच्या गठ्ठ्यात) काही गडबड आहे. खरी गोष्ट तळाशी होती: मायएसक्यूएल बंद पडलेलं. एक कमांड देऊन सर्व्हिस सुरू केली, संपलं. त्याआधी ट्रान्झॅक्शनच्या सेटिंगशी मी अर्धा तास झटापट केली होती, ती वेगळी.

याच ट्रेसचा तळ हिकारीपाशीच थांबला असता, खाली कनेक्ट-एक्सेप्शन नसतं, तर अर्थ बदलला असता. तेव्हा बहुतेक वेळा डेटाबेस चालू असतो, पण कनेक्शन्स संपलेली असतात. वरच्या ओळी तंतोतंत सारख्या आणि आजार निराळा. म्हणून तळ बघायचा.

दुसरी सवय: ट्रेसमध्ये तुमच्या स्वतःच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ शोधा. बाकीच्या ओळी स्प्रिंगच्या आणि टॉमकॅटच्या असतात, त्यांच्यात तुम्ही करण्यासारखं फारसं काही नसतं.

पायरी २: नक्की काय बिघडलं ते चारांपैकी एकात बसवा

डेटा लोड झाला नाही, याचे चार वेगवेगळे अर्थ होतात. मागितलेली गोष्ट अस्तित्वातच नाही. डेटाबेसपर्यंत आपण पोचलोच नाही. डेटा मिळाला, पण तो वाकडा आहे. किंवा आपलाच कोड चुकलाय. बघणाऱ्याला चौघांसाठी चार उत्तरं (एचटीटीपीचे स्टेटस कोड) द्यावी लागतात. पहिल्याला ४०४. दुसऱ्याला ५०३, म्हणजे "थोड्या वेळाने या". वाकडा डेटा बाहेरून कुणी पाठवला असेल तर ४००. आपली चूक असेल तर निमूटपणे ५००.

हे चारही एकाच कॅचमध्ये कोंबून रिकामी यादी परत पाठवणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात महाग शॉर्टकट आहे. भावांची यादी रिकामी दिसली की शेतकरी समजतो, आज बाजार बंद. तो घड कापायचे थांबवतो. इकडे आपला डेटाबेस फक्त रीस्टार्ट होत असतो.

पायरी ३: कॅच कुठे लिहायचं, आणि कुठे नाही

जावात दोन जातीची एक्सेप्शन्स असतात. एसक्यूएल-एक्सेप्शन, आयओ-एक्सेप्शन ही चेक्ड: हाताळा किंवा पुढे जाहीर करा, नाहीतर कंपायलर पुढे जाऊ देत नाही. रनटाइम-एक्सेप्शन आणि त्याची पिल्लं अनचेक्ड. स्प्रिंग डेटाबेसकडून आलेलं एसक्यूएल-एक्सेप्शन पकडून त्याचं डेटा-ॲक्सेस-एक्सेप्शनच्या कुळात रूपांतर करतं, आणि ते सगळं कुळ अनचेक्ड आहे. म्हणून रिपॉझिटरीत (डेटाबेसशी बोलणाऱ्या क्लासमध्ये) ट्राय-कॅच लिहायची गरज बहुतेक वेळा नसते. तिथे पकडून करणार काय? डेटाबेस बंद असेल तर रिपॉझिटरी तो सुरू करणार नाही.

माझा नियम साधा आहे. एक्सेप्शन पकडून तुम्ही काही वेगळं करू शकत असाल तरच पकडा: दुसरा मार्ग घेणं, पुन्हा प्रयत्न करणं, किंवा जास्त अर्थपूर्ण नाव देणं. नाव देत असाल तर मूळ एक्सेप्शन नव्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये कॉज म्हणून द्यायचंच. ते विसरलात तर पायरी १ मधला तळ कायमचा गेला.

साधं जेडीबीसी (जावाची डेटाबेसशी बोलायची मूळ सोय) वापरत असाल तर कनेक्शन, स्टेटमेंट आणि रिझल्टसेट तिन्ही ट्राय-विथ-रिसोर्सेसच्या कंसात उघडा. ही सोय जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून आहे, तरी फायनलीत हाताने क्लोज करणारा कोड अजून शिकवला जातो. मध्येच एक्सेप्शन आलं आणि क्लोज राहिलं की काय होतं ते पाचव्या पायरीत येईल.

एकच एक्सेप्शन प्रत्येक थरात लॉग करून पुन्हा फेकायचं नाही. लॉगमध्ये तोच ट्रेस तीनदा येतो, आणि रात्री अकरा वाजता तीन वेगवेगळ्या चुका आहेत असं समजून माणूस तिन्हींच्या मागे धावतो.

पायरी ४: "नाही" म्हणजे काय ते आधी ठरवा

चोपड्याचा फोन इथला. रिझल्टसेटची गेटइंट मेथड नल रकान्यासाठी शून्य परत देते. ती एक्सेप्शन फेकत नाही, तसं तिच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलंच आहे. लगेच पुढे वॉझनल विचारलं तरच कळतं की तो शून्य खरा की खोटा. आम्ही विचारलं नव्हतं. आता भाव गेटबिगडेसिमलने वाचतो: नल असेल तर नलच मिळतो, आणि पैशांसाठी डबलपेक्षा बिगडेसिमल केव्हाही बरा. पानावर तो नल "भाव अजून आलेला नाही" असा दिसतो.

जेडीबीसी-टेम्प्लेटचं क्वेरी-फॉर-ऑब्जेक्ट वापरताना एकही ओळ सापडली नाही तर एम्प्टी-रिझल्ट-डेटा-ॲक्सेस-एक्सेप्शन येतं. ते डेटा-ॲक्सेस-एक्सेप्शनच्याच कुळातलं असल्यामुळे "डेटाबेस बिघडला" या कॅचमध्ये सहज जाऊन पडतं. तालुक्याचं नाव चुकीचं टाइप करणाऱ्याला मग "सर्व्हर बंद आहे" असा निरोप मिळतो. स्प्रिंग डेटाचं फाइंड-बाय-आयडी ऑप्शनल (आत मूल्य असेल किंवा नसेल असा डबा) देतं, ते सोयीचं. फक्त त्यावर डोळे मिटून गेट मारू नका. ऑर-एल्स-थ्रो लिहा आणि त्यात "भाव सापडला नाही" या अर्थाचं तुमचं स्वतःचं एक्सेप्शन द्या.

यादी मागितली आणि एकही ओळ नसेल तर रिकामी यादी, नल नाही. यादी मागितली आणि ती आणताच आली नाही तर एक्सेप्शन, रिकामी यादी नाही. या दोन वाक्यांतला फरक पक्का झाला की निम्मं काम झालं.

पायरी ५: कनेक्शन पूल, म्हणजे भाड्याच्या दहा सायकली

स्प्रिंग बूट २ पासून हिकारी हा पूल आपोआप येतो. त्यात डीफॉल्ट कमाल १० कनेक्शन्स असतात आणि मोकळं कनेक्शन मिळायची वाट ३० सेकंद पाहिली जाते. सायकली भाड्याने देणारं दुकान डोळ्यासमोर आणा. दहा सायकली आहेत. प्रत्येकाने फेरी मारून परत आणली तर शंभर गिऱ्हाइकांना पुरतात. चौघांनी घरीच लावून ठेवल्या तर सहा उरतात, आणि दुकानासमोर रांग लागते.

न बंद केलेलं कनेक्शन म्हणजे घरी लावून ठेवलेली सायकल. लक्षण ठरलेलं असतं: ॲप सकाळी मस्त चालतं, दुपारपर्यंत मंदावतं, मग सगळी पानं अडकतात, आणि रीस्टार्ट केलं की पुन्हा मस्त. रोज दुपारी रीस्टार्ट करणारी क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) लावलेली मी पाहिलीय. त्याऐवजी हिकारीचं लीक-डिटेक्शन-थ्रेशोल्ड चालू करा, दहा-वीस सेकंद द्या. एखादं कनेक्शन त्याहून जास्त वेळ बाहेर राहिलं की ते कोणत्या ओळीने घेतलं त्याचा ट्रेस लॉगमध्ये पडतो. सायकल कुणाच्या दारात उभी आहे ते कळतं.

वाट पाहण्याचे ३० सेकंदही कमी करा. शेतात उभं राहून कुणीही अर्धा मिनिट फिरतं चाक बघत नाही, तो पुन्हा पुन्हा रिफ्रेश मारतो आणि रांग आणखी वाढवतो. आम्ही ५ सेकंदांवर आणलं.

पुन्हा प्रयत्न कधी करायचा? दोन ट्रान्झॅक्शन्स एकमेकांत अडकून डेडलॉक झाला तर जरूर. मायएसक्यूएल स्वतःच निरोपात ट्रान्झॅक्शन पुन्हा सुरू करा म्हणतं. दोन-तीनदा, मध्ये थोडा थोडा वाढता वेळ सोडून. बॅड-एसक्यूएल-ग्रामर-एक्सेप्शन आलं तर हजारदा चालवलीत तरी क्वेरी सुधारणार नाही. आणि लिहिण्याचं काम पुन्हा करण्याआधी तपासा, की पहिल्यांदा ते खरंच झालं नव्हतं ना. तारीख, तालुका आणि बाग या तिन्हींवर मिळून युनिक की टाकलेली असेल तर ऑपरेटरने बटण दोनदा दाबलं तरी डुप्लिकेट-की-एक्सेप्शन येतं. हे एक्सेप्शन म्हणजे तुमचा मित्र. ऑपरेटरला "ही फाइल आधीच चढलेली आहे" एवढं सांगा.

पायरी ६: सीएसव्ही, जिथे खरी मारामारी असते

पुस्तकातल्या उदाहरणांत फाइल नेहमी स्वच्छ असते. आपल्याकडे ती एक्सेलमधून येते, आणि एक्सेलमध्ये कुणीतरी गुजराती व्यापाऱ्याच्या वहीवरून उतरवलेली असते.

पहिला झटका बीओएमचा. एक्सेलने यूटीएफ-८ सीएसव्ही जतन करताना फाइलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह टाकलेलं असतं. जावा ते आपणहून काढत नाही. मग पहिल्या रकान्याचं शीर्षक "तालुका" दिसतं, पण कोडमधल्या "तालुका"शी जुळत नाही, आणि "तालुका हा रकाना सापडला नाही" असं एक्सेप्शन येतं. दोन्ही शब्द स्क्रीनवर शेजारी ठेवून मी एकदा पंधरा मिनिटं बघत बसलो होतो. उपाय: पहिलं अक्षर ते चिन्ह असेल तर टाकून द्या.

दुसरा आकड्यांचा. ऑपरेटरने भाव मराठी आकड्यांत भरले. गंमत अशी की जावाचं इंटिजर-पार्सइंट "१२५०" बिनतक्रार वाचतं, कारण ते युनिकोडमधले सगळे दशमान अंक ओळखतं. बिगडेसिमलही वाचतं. डबलचं पार्सडबल मात्र नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन देतं. म्हणजे एकाच फाइलमध्ये घडांची संख्या चढते आणि भाव अडकतो, आणि नवा प्रोग्रामर डोकं धरून बसतो. "१,२५०" मधला स्वल्पविराम या तिघांनाही चालत नाही. आम्ही आधी स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढतो, मग बिगडेसिमलला देतो. रकान्यात "भाव नाही" किंवा नुसती आडवी रेघ असेल तर तो नल धरतो. शून्य धरत नाही, यापुढे कधीच नाही.

तिसरा एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये साठवायच्या पद्धतीचा. फाइल यूटीएफ-८ नसेल आणि तुम्ही फाइल्स-न्यू-बफर्ड-रीडर वापरलंत, तर मालफॉर्म्ड-इनपुट-एक्सेप्शन येतं. साधा इनपुट-स्ट्रीम-रीडर वापरलात तर एक्सेप्शन येत नाही, खराब बाइट्सच्या जागी गुपचूप प्रश्नचिन्हाचा चौकोन बसतो आणि "यावल"चं भलतंच होऊन डेटाबेसमध्ये जातं. इथे कुरकुर करणारा वाचक निवडा. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली फाइल मात्र दोघांनाही फसवते, कारण तिच्यात खरी अक्षरं इंग्रजीच असतात. तालुक्याचं नाव ठरलेल्या यादीत आहे का हे तपासलं तरच ती सापडते.

आता मोठा प्रश्न: तीनशे ओळींतली दोनशे बारावी ओळ चुकली तर? सगळी फाइल नाकारायची, की चांगल्या ओळी घ्यायच्या? दोन्ही चालतं, पण ते तुम्ही ठरवलेलं असावं, योगायोगाने घडलेलं नसावं. आम्ही सगळी फाइल आधी वाचतो, चुका गोळा करतो, आणि एकही चूक असेल तर काहीच चढवत नाही. पहिल्या चुकीवर थांबत नाही, नाहीतर ऑपरेटर एक चूक सुधारून पुन्हा चढवतो, मग दुसरी, मग तिसरी, आणि तोवर जेवायची वेळ टळते. त्याला मिळणारा निरोप असा: "ओळ २१२, रकाना भाव: 'बाराशे' हा आकडा नाही."

पायरी ७: ट्रान्झॅक्शनचा लपलेला खड्डा

मेथडवर ट्रान्झॅक्शनल लिहिलं की सगळं सुरक्षित, असा समज असतो. स्प्रिंग डीफॉल्टने फक्त रनटाइम-एक्सेप्शन आणि एररवर रोलबॅक करतं, म्हणजे झालेलं काम मागे घेतं. चेक्ड एक्सेप्शन बाहेर पडलं तर आधी झालेलं काम कमिट (कायमचं जतन) होतं. फाइल वाचता वाचता मध्येच आयओ-एक्सेप्शन आलं, तर अर्धे भाव चढलेले आणि अर्धे नाहीत. रोलबॅक-फॉरमध्ये एक्सेप्शन क्लास द्या, किंवा आयओ-एक्सेप्शन तुमच्या अनचेक्ड एक्सेप्शनमध्ये गुंडाळा. त्याच क्लासमधून थेट बोलावलेल्या मेथडवरचं ट्रान्झॅक्शनल लागू होत नाही, कारण ती हाक प्रॉक्सीतून (स्प्रिंगने मध्ये उभ्या केलेल्या मध्यस्थातून) जातच नाही. हे मुलाखतीत विचारतात, पण खरा चटका प्रॉडक्शनमध्येच बसतो.

पायरी ८: लेझी-इनिशियलायझेशन-एक्सेप्शन

हायबरनेट वापरणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी भेटतं. भाव आणला, पण त्याला जोडलेली बाजाराची माहिती मागितली तेव्हा सेशन (हायबरनेटचं डेटाबेसशी चाललेलं संभाषण) बंद झालेलं होतं. स्प्रिंग बूट ओपन-इन-व्ह्यू (पान तयार होईपर्यंत सेशन उघडं ठेवणं) डीफॉल्टने चालू ठेवतं, म्हणून सुरुवातीला हे दिसत नाही, फक्त ॲप सुरू होताना एक वॉर्निंग येते आणि ती कुणी वाचत नाही. ते बंद करा आणि लागणारी माहिती सर्व्हिसमध्येच, जॉइन-फेच करून (जोडलेली माहिती एकाच क्वेरीत आणून), डीटीओत (फक्त डेटा वाहून नेणाऱ्या साध्या क्लासमध्ये) भरा. सगळंच ईगर करून टाकणं, म्हणजे जोडलेली सगळी माहिती नेहमी आधीच आणणं, म्हणजे शेवभाजी मागवणाऱ्याच्या ताटात वरण-बट्टीसकट सगळा मेनू वाढणं.

पायरी ९: सगळ्या तक्रारींना एक खिडकी

कंट्रोलर-ॲडव्हाइस (सगळ्या कंट्रोलरमधली एक्सेप्शन्स एका जागी हाताळायची स्प्रिंगची खूण) असलेला एक क्लास करा आणि त्यात एक्सेप्शन-हँडलर मेथड्स लिहा: सापडलं नाही, डेटा वाकडा, डेटाबेस बंद, आणि शेवटी बाकी सगळं. इथे एक चकवा आहे. ट्रान्झॅक्शनल मेथडमध्ये डेटाबेस बंद सापडला तर कॅननॉट-क्रिएट-ट्रान्झॅक्शन-एक्सेप्शन येतं, आणि ते डेटा-ॲक्सेस-एक्सेप्शनच्या कुळातलं नाही. हँडलरमध्ये ही दोन्ही एक्सेप्शन्स लिहिली नाहीत तर ५०३च्या जागी ५०० जातं. दुसरं, या खिडकीपर्यंत सगळ्या तक्रारी पोचत नाहीत: फिल्टरमध्ये (कंट्रोलरच्या आधी चालणाऱ्या कोडमध्ये) फेकलेलं एक्सेप्शन आणि टेम्प्लेट रंगवताना आलेलं एक्सेप्शन तिला बायपास करतं. आठव्या पायरीतलं लेझी प्रकरण टेम्प्लेटमध्ये फुटलं तर म्हणूनच तुमचा सुंदर मराठी निरोप दिसत नाही.

निरोपात टेबलांची नावं, एसक्यूएल किंवा ट्रेस कधीही नको. "भाव आत्ता दाखवता येत नाहीत, थोड्या वेळाने पाहा" आणि एक छोटा क्रमांक. तोच क्रमांक लॉगमध्येही टाका, म्हणजे फोनवर त्याने क्रमांक सांगितला की तुम्ही ओळ शोधू शकता. लॉग करताना गेट-मेसेज एवढंच लिहू नका. एसएलएफ४जेला (लॉग लिहायच्या लायब्ररीला) एक्सेप्शन शेवटचा आर्ग्युमेंट म्हणून द्या, अख्खा ट्रेस तो स्वतः लिहितो. शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर मात्र लॉगमध्ये जाऊ देऊ नका.

पानाकडच्या जावास्क्रिप्टमध्ये फेच (सर्व्हरकडून डेटा मागवणारं फंक्शन) वापरत असाल तर लक्षात असू द्या, ४०४ किंवा ५०३ आलं तरी फेच त्याला अपयश मानत नाही. ओके हे खरं आहे का ते स्वतः विचारावं लागतं. नाहीतर सर्व्हरने प्रामाणिकपणे ५०३ पाठवलं तरी पान पुन्हा रिकामी यादीच दाखवतं.

पायरी १०: मुद्दाम मोडून बघा

आपल्या लॅपटॉपवर ॲप चालू ठेवा आणि मायएसक्यूएलची सर्व्हिस बंद करा. पान उघडा, घड्याळ लावा. मग सर्व्हिस सुरू करा आणि ॲप रीस्टार्ट न करता ते आपोआप सावरतं का बघा. एका रकान्याचं नाव बदला. एका भावाच्या जागी नल घाला. मराठी आकड्यांची, बीओएमची, जुन्या फाँटची अशा तीन फाइल्स टेस्टच्या फोल्डरमध्ये कायमच्या ठेवा. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळीसला टेकतो, लाइट जाते, राउटर बसतो, तेव्हा यातलं बरंचसं कुणी न सांगता घडतंच. ते आधी आपल्या हाताने घडवलेलं बरं.

भाव लोड झाला नाही तर कालचा दाखवायचा का, यावर आमच्याकडे बराच वाद झाला. मी आधी नको म्हणत होतो. शेवटी दाखवायचं ठरलं, पण फिक्या रंगात, आणि आकड्याच्याच ओळीत "काल संध्याकाळचा" असं लिहून, खाली बारीक टीप म्हणून नाही. चोपड्याच्या त्या काकांना मी फोन करून ते पान उघडायला लावलं. ते म्हणाले, "हां, आते समजनं."